पलीकडे गेलेली बाई

परवा हरमलहून भाच्याचा फोन आला. दादाचा मुलगा. घरामागच्या माडांत त्याने नवीन खोल्या बांधल्या आहेत आणि त्यांना 'ट्रान्सेंडन्स' असं नाव द्यायचं त्याच्या मनात आहे. "आत्या, ह्याला मराठीत काय म्हणतात? बोर्डावर खाली बारीक अक्षरांत घालूया. तू शाळेत असतेस, तुला ठाऊक असणार." मी डिचोलीच्या एका हायस्कुलाचं ऑफिस सांभाळते, शिकवत नाही, पण घरच्यांना दोन्ही सारखंच. मी सांगितलं, "तो शब्द आपल्या घरावर लागणार नाही." तो हसला. म्हणाला, हरमलापासून मांद्र्यापर्यंत कितीतरी बोर्डांवर हा शब्द आहे, आपल्यालाच काय झालं? मी म्हटलं, असू दे, त्यांच्या घरात तो अजून राहायला आलेला नाही. आपल्या घरात राहून गेलाय. त्याला वाटलं आत्या नेहमीसारखी हट्टाला पेटली. पेटले होतेच. मी कामाची बाई आहे. सकाळी दिवसाची यादी करते, संध्याकाळपर्यंत ती खोडून टाकते, आणि एखादी गोष्ट दुसऱ्या दिवसावर गेली की मला झोप लागत नाही. ही गोष्ट तर अर्ध्या आयुष्याहून जास्त पुढे ढकलत आणली आहे. तेव्हा आज तेवढी लिहून मोकळी होते.

आधी घर. हरमलात, समुद्राची गाज ऐकू येईल पण वाळू घरात येणार नाही इतक्या अंतरावर. पुढे सोपो, म्हणजे दाराच्या दोन्ही बाजूंना बसायचे सिमेंटचे कट्टे, तांबडे गुळगुळीत केलेले. सोप्याच्या डाव्या हाताला तीन खोल्या भाड्याच्या, उजव्या हाताला आम्ही. मधल्या भिंतीला एक जनेल होतं, त्यातून पाहुण्यांच्या बोलण्याचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात आणि आमच्या स्वयंपाकघराचा वास त्यांच्याकडे जाई. सकाळ व्हायची ती पोदेराच्या भोंग्याने. तो सायकलवर पावाची टोपली घेऊन वळणावर आला की भोंगा पिळायचा आणि आई हातातलं काम टाकून फाटकाशी जायची. उंडे पाव कालचे आहेत, कोंड्याची पोळी करपली आहे, असं रोज काहीतरी काढून ती त्याच्याशी भांडायची आणि रोज त्याच्याकडूनच घ्यायची. दुपारी उकड्या तांदळाची पेज, संध्याकाळी भात आणि हुमण, म्हणजे माशांची आमटी. बांगड्याच्या हुमणात तिरफळं ठेचून पडली की तो वास जनेलातून, दारातून, कौलांच्या फटींतून बाहेर जायचा आणि रस्त्यावरून जाणारा शेजारी विचारायचा, "आज बांगडे काय गो?" आमच्या घरी आनंद म्हणजे एवढंच होतं, आणि ते पुरायचं.

बाबा खाजगी बसवर ड्रायव्हर होते. पेडणे, म्हापसा आणि परत. ठेंगणे, गोल, मोठ्याने हसणारे. त्यांच्या मरणाच्या आदल्या वर्षी इंग्रिड आमच्याकडे तिन्ही खोल्या मागायला आली. थंड मुलुखातली बाई, आईच्याच वयाची, केस पांढुरके, आवाज असा की कुणी झोपलेलं मूल उचलून ठेवतंय. ती ध्यान शिकवायची. सीझनभर तिच्याकडे माणसं येणार, सोप्यावर बसणार, समोरच्या अंगणात मांडव घालणार. तिची एकच अट होती, माणसं असतील तोवर घरात मासे शिजायचे नाहीत. दादा नुकता कॉलेज सोडून घरी बसला होता आणि खोल्यांचा कारभार त्याच्याकडे होता. तो लगेच हो म्हणाला. आईने बाबांकडे बघितलं. बाबांनी डोकं खाजवलं, हसले आणि दुसऱ्या दिवशी मागच्या माडांत तीन दगड मांडून चूल केली. तिथून वारा सरळ समुद्राकडे जायचा. "तेंका देव गावांदे," ते तव्यावर बांगडा परतत म्हणायचे, "आमका बांगडो पुरे." तो सीझन आम्ही माडांत उकिडवे बसून, पळसाच्या पानांवर, चोरून जेवल्यासारखे जेवलो. मजा आली. इंग्रिडही आम्हाला आवडायची. मी तेव्हा अकरावीत होते आणि माझं इंग्रजी बरं होतं, म्हणून ती आईशी बोलायची ते माझ्यातून. ती आईला 'मम्मी' म्हणायची. आई तिला 'ती बाई' म्हणायची.

पुढच्या दिवाळीच्या तोंडावर बाबा गेले. ड्युटीवरून आले, सोप्यावर बसले, चहा मागितला. आई चहा घेऊन बाहेर आली तेव्हा ते संपलेले होते. ह्याहून जास्त मला लिहिता येत नाही आणि लिहायचंही नाही.

आता रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्यात सुतकात मासे शिजत नाहीत. तेराव्यानंतर घरचा कर्ता विधवेच्या माहेरी बोलावणं घेऊन जातो. माहेरची माणसं टोपलीभर मासे घेऊन येतात, घरच्या चुलीवर ते शिजतात, आणि भाऊ बहिणीला पहिला घास घालतो. ह्याला आम्ही तिखट म्हणतो. तिखट झालं की दुखवटा उठला. बाईने रडायचं ते रडावं, पण जेवायचं आणि उठायचं. आमच्यात विधवेने मासे सोडायची पद्धत नव्हती, उलट तिला खायला घालायची जबाबदारी माहेरावर होती. आणि बोलावल्याशिवाय माहेरची माणसं येत नाहीत. न बोलावता तिखट घेऊन येणं म्हणजे दुसऱ्याच्या घराचा दुखवटा आपल्या हाताने उठवणं, ते कोणी करत नाही.

तेरावं झालं त्याच आठवड्यात इंग्रिडची माणसं आली. दादाने अट आठवली. तो तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा, अचानक घराचा कर्ता झालेला, घर त्या खोल्यांवर चालणार होतं हे त्याला माझ्यापेक्षा नीट कळत होतं. तो म्हणाला, सीझन होऊ दे, मग मामाला बोलावू. आईला विचारलं. ती म्हणाली, "माका काय नको." हे उत्तर त्याने होकार म्हणून घेतलं. खाडीपलीकडे आरोंद्याला अण्णामामा रोज वाट बघत होता, मग रागावला, मग गप्प झाला. इकडून बोलावणं नाही, तिकडून येणं नाही. आणि आमच्या घरातलं सुतक कुणी न उठवल्यामुळे तिथेच राहिलं.

आई बसू लागली. आधी सोप्यावर, मग इंग्रिडच्या माणसांच्या कडेला, मग त्यांच्या वर्तुळात. मी शाळेतून यायची तेव्हा ती मांडवात पाठ ताठ करून, डोळे अर्धवट मिटून बसलेली असायची आणि भोवती पाच-सात गोरी माणसं तिच्यासारखं बसायचा प्रयत्न करत असायची. जेवणाला दोन घोट पेज. पोदेर फाटकाशी भोंगा वाजवून, थांबून, पुढे जायचा. दूध उतू गेलं तर ती ते जाताना बघायची. इंग्रिड तिचे पाय चोळायची, तिला शाल पांघरायची. तिने आईवर माया केली, हे मी कधी नाकारणार नाही. माया करणाऱ्या माणसाला विरोध करणं किती कठीण असतं हे मात्र मला तेव्हा कळलं.

एका दुपारी तिने सगळ्यांसमोर आईकडे हात करून तो शब्द उच्चारला. ट्रान्सेंडन्स. मी अर्थ विचारला. ती म्हणाली, "पलीकडे जाणं. दुःखाच्या, भुकेच्या, 'माझं' म्हणण्याच्या पलीकडे. आम्ही वर्षानुवर्षं धडपडतो. तुझी आई नुसती बसली आणि पोचली." माणसांनी माना हलवल्या. एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि मला, खरं सांगायचं तर, अभिमान वाटला. आमच्या आईला कोण विचारत होतं? चुलीशी जन्म गेलेली बाई, आणि लांबलांबची माणसं तिच्या पायाशी बसतात. दोन-तीन दिवस मी तो शब्द तोंडात घोळवत हिंडले. शाळेत मराठीच्या सरांना विचारलं, ह्याला आपल्याकडे काय म्हणतात? सर फळा पुसत होते. "इंद्रियातीत," ते म्हणाले. "पारलौकिक असंही म्हणतात, वाक्यावर आहे. वाक्य काय?"

"माझी आई."

त्यांचा हात फळ्यावर थांबला. त्यांना बाबा गेल्याचं ठाऊक होतं. त्यांनी मला जवळ बोलावलं नाही की पाठीवर हात ठेवला नाही, एवढंच विचारलं, "आई जेवते काय गो?"

घरी आले तेव्हा आई मांडवात बसली होती. मी समोर जाऊन बसले आणि तिच्याकडे बघितलं, जसं कुणी ओळखीच्या बाईकडे बघत नाही तसं, नीट. पोलक्याच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या. ओठांच्या कडा फाटल्या होत्या. तिने बाबा गेल्यापासून एकदाही रडून घेतलं नव्हतं, तेराव्यालाही नाही. मी हळूच म्हटलं, "आये, हंय कित्याक बसतंस?" तिने डोळे उघडले. म्हणाली, "हंयसर कोण काय सांगणा नाय." मला सगळं कळलं. ती कुठेही पोचली नव्हती. तिला कुणी काही करायला सांगत नाही अशी एक जागा सापडली होती आणि तिथे ती बुडत चालली होती. पलीकडे गेलेली बाई आणि बसून राहिलेली बाई लांबून सारखीच दिसते. जवळ जाऊन बघायला घरचं माणूस लागतं.

दादाला सांगितलं. तो म्हणाला, "थोडे दिस कळ काढ. मार्चात सगळी जातली." मी त्याच्याशी भांडले नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर सायकल काढली आणि किरणपाण्याला गेले. तेव्हा तिथे पूल नव्हता. फेरीबोटीत सायकल चढवली आणि पलीकडे आरोंद्याला उतरले. पेडण्याच्या बाजूला कुणी ओळखीचं भेटलं असतं तर काय सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं, कुणी भेटलं नाही.

अण्णामामा सुपात सुपाऱ्या निवडत होता. मला बघून उठला नाही. "तुजो दादा आजारी असा?" त्याने विचारलं.

"नाय."

"मगे तुका कित्याक धाडल्यान?"

"माका कोणी धाडूक नाय. मी तिखटाचा बोलावणा घेवन इलंय."

त्याने सूप बाजूला ठेवलं. "चेडवान बोलावणा आणूची रीत नाय गो बाये. घरचो कर्तो येवक होयो. मी दिवाळेपासून वाट बघतंय. शेजारी विचारतत, बहिणीचा तिखट झाला? काय सांगू? माका इसारले म्हणान सांगू?"

"मामा, दादा येयसर आये वाचतली काय?"

स्वयंपाकघराच्या दारात मामी येऊन उभी राहिली होती. हात पदराला पुसत ती त्याला म्हणाली, "चेडू सायकल घेवन खाडयेपलाडसून इला, आणि तुमी तेका रीत शिकयतास? उद्या सकाळी शिरोड्याच्या बाजारात जावा. बांगडे बघून घेवा, गेल्या खेपेसारखे मऊ नको."

"गेल्या खेपेक बर्फातले होते."

"तांच सांगतंय."

रविवारी सकाळी मामा-मामी आमच्या फाटकातून आत आली. मामाच्या डोक्यावर टोपली, तिच्यावर केळीचं पान, पानाखालून बांगड्यांच्या शेपट्या आणि अर्धी इसवण, म्हणजे सुरमई. मांडवात माणसं गोल बसली होती. तो त्यांचा मौनाचा आठवडा होता. आई मध्ये. दादा सोप्यावरून धावत खाली आला.

"मामा, आज नको," तो कुजबुजला. "हेंचो मौनाचो आठवडो असा."

"मगे?" मामा नेहमीच्या आवाजात म्हणाला. "बांगडे काय बोलाक येवचे नाय."

मामीने तोंडाला पदर लावला. दादाचं तोंड लाल झालं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याला समजलं बोलावणं कुणी नेलं ते. मला वाटलं तो मारतो आता. पण तो मारणारा नव्हता, तो घाबरलेला होता. "मागच्या चुलीर करूया," तो म्हणाला. "बाबांच्या. तंयसर वास येवचो नाय."

"वास येवकच होयो," मामा म्हणाला. "वास नाय इलो तर तिखट कसला?"

मी मध्ये पडले. म्हटलं, "बाबा माडांत मासे भाजायचे ती गंमत होती, दादा. तिखट घरच्या चुलीवर होतं. आपण आपल्या घरात चोरासारखे कधीपासून राहायला लागलो?" हे मी शुद्ध मराठीत बोलले. राग आला की मी अजून तशीच बोलते. ऑफिसातले शिपाई आता ओळखून आहेत.

एवढ्यात इंग्रिड उठून आली. तिने मौन मोडलं, माझ्यासाठी. माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "तुझी आई फार दूर गेली आहे. तिला परत खाली ओढू नका. हे तुमच्या लक्षात येत नाही, कारण तुम्ही तिच्यावर प्रेम करता."

"ती कुठल्या वाटेने गेली?" मी विचारलं. "ती रडलेली नाही. रागावलेली नाही. जेवलेली नाही. ह्यातलं काहीच न करता पलीकडे कसं जातात? तुमच्याकडे जात असतील. आमच्याकडे ह्याला आजारी पडणं म्हणतात."

"तू लहान आहेस," ती हळूच म्हणाली. तिच्या आवाजात अजूनही माया होती.

"हो," मी म्हटलं आणि हात सोडवून घेतले. "पण हे आमचं घर आहे आणि ती माझी आई आहे."

स्वयंपाकघरात गेले. चूल पेटवली. मामी विळीवर मासे कापायला बसली, मामाने नारळ फोडला, मी रगड्यावर वाटण घातलं. रगड्याची घरघर मौनाच्या मांडवात सगळ्यांना ऐकू जात होती आणि मी मुद्दाम जास्त वेळ वाटलं. दादा दारात उभा होता. थोड्या वेळाने तो आत आला, लाकडं पुढे सारली आणि तिरफळांचा डबा फळीवरून काढून माझ्या बाजूला ठेवला. त्यानंतर दिवसभर आमच्या दोघांत एवढंच बोलणं झालं आणि ते पुरेसं होतं. हुमणाला कढ आला, तव्यावर मसाला लावलेले तुकडे पडले, मिरचीचा धूर छताला लागला आणि तिथून जनेलाकडे वळला. मांडवात कुणीतरी खोकलं. मग दोघं-तिघं खोकली.

मामा बाहेर गेला आणि आईसमोर उभा राहिला. "शाले," तो म्हणाला, "ऊठ. तिखट झाला." ती उठली नाही. तो खाली वाकला, तिच्या दंडाला धरलं आणि तिला उभं केलं, जसं लहान मुलाला शाळेसाठी उठवतात. ती चालत आली. स्वयंपाकघरात पाट मांडला होता. मामाने भात कालवला, बांगड्याचा काटा काढला आणि घास तिच्या तोंडाशी धरला. तिने तोंड मिटलेलंच ठेवलं. मामा हात तसाच धरून बसला. रस त्याच्या मनगटावरून ओघळून कोपरापर्यंत गेला. मामी म्हणाली, "शालूताय, तेचो हात अवघडलो." आईने त्याच्या हाताकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

पहिला घास तिने गिळला. दुसरा मागितला नाही, स्वतः घेतला. तिसऱ्याला तिचा श्वास अडकला. आम्हाला वाटलं काटा लागला. पण काटा नव्हता. ती बोलायला लागली, बाबांशी, समोर बसलेत अशी, आणि जेवताना बोलतच राहिली. "डाक्टराकडे जा म्हणान सांगलंय, आयकलास? बसच्या कंडक्टराक सांगलास छातयेत दुखता म्हणान, आणि माका सांगलास चाय दी. माका सांगूक काय झाला होता? मी कोण नाय? मी चाय करीत रवलंय. साखर शोधीत रवलंय." कंडक्टर तेराव्याला येऊन तिला हे सांगून गेला होता, आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. ती रडत होती, ओरडत होती, भात कालवत होती, सगळं एकाच वेळी. दादा भिंतीला टेकून खाली बसला. आई त्याच्यावरही ओरडली, ताट वाढून न घेता बसला म्हणून. मग माझ्यावर, हुमणात मीठ कमी म्हणून. मामीने मीठ दिलं. तिने ते घातलं, चाखलं आणि पुन्हा बाबांना शिव्या द्यायला लागली.

इंग्रिड दारात येऊन उभी राहिली होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता आणि धुराने डोळे वाहत होते. "काय झालं?" तिने विचारलं. "ती काय म्हणतेय? मला सांग ना." दोन सीझन मी तिला आईचा शब्द न् शब्द सांगत आले होते, चटणीचा, पाण्याचा, पाय दुखण्याचा. ह्या वेळी मी मान हलवली. म्हटलं, "हे तुमच्यासाठी नाही." ती तशीच उभी राहिली. आईने मान वर करून तिला बघितलं, नाक पदराला पुसलं आणि मला म्हणाली, "तिका सांग, जेवचा तर बस, नाय तर दारातसून बाजूक हो. धूर कोंडता."

एवढं मात्र मी शब्दाला शब्द लावून सांगितलं.